उसना शरद

प्रवासवर्णनांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रवासाच्या बेतावर मात्र कोणा समीक्षकाने लेखणी झिजवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. बेत म्हणजे कागदाचा एक कपटा, निघेपर्यंत जपायचा आणि परतल्यावर फेकून द्यायचा, अशीच आपली समजूत असते. पण प्रवासवर्णन माणसाने काय पाहिले ते सांगते, आणि बेत त्याला काय पाहायचे आहे ते सांगतो. आणि पाहण्याची ही हौस कोणाकडून उसनी आणली आहे, हे बेतावरूनच लवकर उमगते. विष्णुभट गोडसे वरसईहून निघाले ते बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल, या हिशेबाने. सत्तावनच्या धामधुमीत तो हिशेब पार विस्कटला आणि त्या विस्कटण्याचेच पुढे 'माझा प्रवास' हे पुस्तक झाले. बेत फसला खरा. पण तो त्यांच्या गरजेतून निघालेला आणि त्यांच्याच बोलीत मांडलेला होता.

ज्या बेताविषयी मी येथे लिहिणार आहे, त्याच्याबद्दल असे म्हणता येत नाही. आपली मोटार आपणच चालवत द्राक्षमळ्यांची आणि वाइनच्या कारखान्यांची सफर करायची, आणि तीही 'शरदातल्या द्राक्षतोडणीच्या दिवसांत', असा मजकूर गेली काही वर्षे सुटीच्या पुरवण्यांतून आणि सहलवाल्यांच्या पत्रकांतून वाचायला मिळतो. दोन रात्री, तीन मळे, वाटेत एक किल्ला आणि परतताना येवल्याला पैठणी, असा त्याचा ठरलेला घाट. नांदेड-लातूरकडच्या घरांतही तो आता आवडीने वाचतात. लातूरच्या माझ्या भाच्याने यंदा असाच एक बेत लिहून काढला आणि मराठीचा मास्तर म्हणून तपासायला माझ्याकडे नांदेडला पाठवला. शुद्धलेखन बहुतेक ठीक होते. पण पहिल्याच ओळीत शरदाचे सोनेरी ऊन, पिवळ्या-तांबड्या पानांच्या वेली आणि टोपल्यांतून ओसंडणारे घड आले होते, आणि तारखा होत्या भाऊबीजेनंतरच्या चार दिवसांच्या. मी त्याला फोनवर म्हटले, "अरे, त्या दिवसांत वेलीवर नुसती कोवळी फूट असते. घड आणायचे कुठून?" तो म्हणाला, "मामा, सगळीकडं असंच लिहिलेलं असतंय की."

सगळीकडे असेच लिहिलेले असते, म्हणूनच याची समीक्षा व्हायला हवी. एकाची चूक असती तर ती समासात लाल शाईने भागली असती.

मळ्यातली वस्तुस्थिती आधी सांगतो. फ्रान्स-इटलीत वेल थंडीत झोपते, वसंतात जागी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तिचे फळ उतरते. त्याच सुमारास पाने रंग बदलतात आणि गळतात. तोडणी आणि पानगळ तिथे हातात हात घालून येतात, म्हणून त्या साहित्यात द्राक्ष हे शरदाचे फळ झाले. आपल्या दख्खनच्या पठारावर वेलीला झोपवणारी थंडीच नाही. ती बारमाही जागी राहू पाहते, आणि तिला विश्रांती द्यायची ती माळ्याने कात्रीने द्यायची. म्हणून इकडे दोन छाटण्या. एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी. तीत गेल्या हंगामाच्या काड्या बुडखापाशी खरडून काढतात, आणि भर उन्हाळ्यात नव्या काड्या वाढून त्यांच्या डोळ्यांत पुढल्या फळाची तयारी होते. मग पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी. तिच्यानंतर साधारण चार महिन्यांनी घड उतरतात. नाशिककडची वाइनची द्राक्षे जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत तोडली जातात. म्हणजे ज्या दिवसांत युरोपातला मळेकरी फळ घरी नेतो, नेमक्या त्याच दिवसांत आपला मळेकरी फळाची सुरुवात करत असतो.

ही गोष्ट नवी नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेस आला होता. तिथे द्राक्षे आणि डाळिंबे होतात आणि वर्षातून दोनदा येतात, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. थंडीच्या देशांतून हिंडून आलेल्या माणसाला जे चटकन खटकले, ते सातशे वर्षे याच पठारावर राहणाऱ्या आपल्या लेखकांच्या डोळ्यांना दिसू नये, याची मला गंमत वाटते; आणि थोडी लाजही वाटते.

चूक मुळात भाषांतरातली आहे. इंग्रजी 'ऑटम'ला आपण कोशात 'शरद' लावून मोकळे झालो. महिन्यांच्या हिशेबाने ते चालून जाते. पण आपल्या शरदात, म्हणजे आश्विन-कार्तिकात, झाडांची पाने गळत नाहीत. उलट चार महिन्यांच्या पावसाने रान तट्ट हिरवे असते, आभाळ निवळलेले असते, कोजागरीचे चांदणे पडते. पानगळ आपल्याकडे येते ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. आता मौज पाहा. भाषांतर करणाऱ्याने पंचांगाकडे न पाहता झाडाकडे पाहिले असते आणि 'ऑटम'ला 'शिशिर' म्हटले असते, तर 'शिशिरातली द्राक्षतोडणी' हे वाक्य नाशिकला, सांगलीला, सोलापूरला तंतोतंत खरे ठरले असते! शब्दकोशाने एक ऋतू चुकवला आणि त्या चुकीवर विसंबून माणसे अडीचशे कोस मोटार हाकीत नुकत्या छाटलेल्या काड्या पाहायला निघाली.

पण एकट्या कोशकाराला दोष देऊन भागणार नाही. द्राक्षाच्या रसाबद्दल बोलायला मराठी वाङ्मयाने आपल्याला दोनच तयार खोल्या बांधून दिल्या आहेत, आणि दोन्हींना मळ्याकडे उघडणारी खिडकी नाही. पहिली खोली गडकऱ्यांची. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'ने सुधाकर, सिंधू आणि तळीराम यांना मराठी घराघरांत नेऊन बसवले. त्या नाटकाचे सामर्थ्य मी कमी लेखत नाही. आजही एखाद्या आडगावात त्याचा प्रयोग लागला तर बायका पदराने डोळे पुसतात, आणि त्यांच्यातल्या कित्येकींना सिंधू कोण हे नाटक पाहून कळायचे नसते. पण त्या नाटकाला पेल्यात काय आहे, ते कुठल्या मातीतून आले, याच्याशी कर्तव्य नव्हते. पेला कोणाच्या हातात आहे एवढ्याशीच होते. दुसरी खोली माधव जूलियनांची. ते फारसीचे पंडित. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी मुळातून मराठीत आणल्या आणि फिट्झजेरल्डच्या इंग्रजी अवताराला 'द्राक्षकन्या' या नावाने १९३१ साली मराठी वेश दिला. नाव सुरेख आहे. पण ही कन्या इराणातून विलायतेमार्गे पुण्याला आलेली. तिचे माहेर नारायणगावात किंवा तासगावात असू शकेल अशी शंकाही त्या कवितेला शिवली नाही. पुढे ऐंशीच्या दशकात नारायणगावला खरोखरच फेसाळती वाइन तयार होऊ लागली आणि परदेशी विकायला गेली, तेव्हा तिला नाव काय मिळाले? 'ओमर खय्याम'! जुन्नर तालुक्यातल्या द्राक्षांना जगात मिरवायला नैशापूरचा कवी लागला. ती कंपनी पुढे बुडाली, पण हे नामकरण आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीवर आपण अजून डोके आपटतो. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळाने घेतला, आणि वाद पेटला तो 'वाइन म्हणजे दारू की नव्हे' या शब्दावर. एका बाजूला गडकऱ्यांची खोली, दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याच्या उत्पन्नाची भाषा. तो निर्णय अमलात आला नाही. वैद्याच्या बाटलीतले द्राक्षासव मात्र दोन्ही बाजूंच्या घरांत फळीवर बिनतक्रार उभे होते. १९४९च्या दारूबंदी कायद्यानेही प्रकृतीच्या कारणासाठी पिण्याचा परवाना ठेवलाच आहे. औषध म्हटले की आपली जीभ सैल होते.

सहलीच्या मजकुराने या दोन्ही खोल्या टाळल्या, ही त्याची जमेची बाजू मी मान्य करतो. त्यात पश्चात्ताप नाही आणि साकीही नाही. पण मग त्याने तिसरी खोली भाड्याने घेतली, आणि ती थेट फ्रान्समधली. चव सांगताना तर त्याची फारच ओढाताण होते. ओक, व्हॅनिला, 'जंगली बोरे' अशी फळे-लाकडे तो एकामागून एक मांडतो. त्यांतली निम्मी त्याने कधी चाखलेली नसतात. आमच्या समीक्षेची तर सारी परिभाषाच जिभेवरून आली आहे. रस, रसिक, रसग्रहण, आस्वाद हे शब्द आम्ही कवितेवर इतके वापरले की जिभेसाठी काही उरलेच नाही की काय असे वाटावे. तांबड्या वाइनमध्ये जिभेला जे ओढून धरते त्याला मराठीत 'तुरट' हा अस्सल शब्द आहे. कच्च्या सुपारीने, आवळ्याने, जांभळाने तो प्रत्येक मराठी तोंडाला शिकवलेला आहे. तरी भाच्याच्या बेतात मला 'टॅनिनयुक्त' असे वाचावे लागले.

याउलट मळेकऱ्याची बोली पाहा. खरड, गोडी, काडी, डोळा, पोंगा, फुलोरा, विरळणी, भुरी, डावणी. 'डावणी' हा 'डाउनी' नावाच्या बुरशीचा रोग, आणि त्याला दावणीला बांधावे तसे त्याने भाषेत बांधून टाकले आहे. इंग्रजी आले तरी ते मळ्यात राबून मराठी झाले. 'गोडी छाटणी' या नावात तर आश्विनात मारलेल्या कात्रीचे फळ फाल्गुनात जिभेवर यायचे आहे, हा सारा कालावधी सामावलेला आहे. हे शब्द कृषिपत्रिकांत रोज छापले जातात. ललित गद्याने मात्र त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले. 'साता समुद्रापलीकडे' १९५९ साली आले, 'अपूर्वाई' १९६० साली. मराठी माणसाला युरोप पाहायला या पुस्तकांनी शिकवले, आणि चांगले शिकवले. त्यांच्या अनुकरणाने लिहिणाऱ्यांनी मात्र तीच नजर घेऊन दिंडोरी-निफाडकडे पाहायला सुरुवात केली, आणि तिथेच सारे बिनसले.

आता नांदेड-लातूरच्या वाचकाकडे वळतो, कारण त्याच्या बाबतीत हा उसना शरद नुसता हास्यास्पद राहत नाही. आमच्याकडे शरदात सुगी असते, पण ती सोयाबीनची. लातूरच्या अडतीत त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. आणि 'तोडणी' हा शब्द दिवाळीच्या सुमारास कंधार, मुखेड, लोहा भागात उच्चारला तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर द्राक्षाचा घड येत नाही, कोयता येतो. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पोरेबाळे, भांडीकुंडी, शेळी-कोंबडी घेऊन उसाच्या पट्ट्याकडे निघतात ते याच दिवसांत. दोन माणसांच्या जोडीला हिशेबात नावच 'एक कोयता'. मराठवाड्याचा शरदातला मोठा प्रवास हा आहे, आणि तोही बेताप्रमाणेच होतो. फक्त बेत मुकादमाच्या वहीत असतो. 'शरदातली तोडणी' हे शब्द सोनेरी उन्हासकट सुटीच्या मजकुरात घालणाऱ्याने ते कुठून उचलले, हे त्याला ठाऊक नसेल. आमच्या वाचकाला ठाऊक असायला हवे.

आणि हे दोन बेत एकाच रस्त्यावर येतात. भाच्याने नाशिक धरले होते: गंगापूर धरणाजवळचे सुला, मग सांजेगावचे ग्रोव्हर झाम्पा. नांदेडहून परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर करत जायचे म्हणजे साडेचारशे किलोमीटरच्या घरात. समृद्धी महामार्गामुळे जालन्यापुढचा रस्ता धावता आहे, हे खरे. पण लातूरकराला याहून जवळचा मळा आहे, आणि तो कोणत्याच पत्रकात लातूरच्या नावाने येत नाही. अकलूजजवळचे फ्रातेल्ली. मुरूड, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी आणि अकलूज. दोनशे किलोमीटरच्या आसपास. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. दोन इटालियन भाऊ, दोन दिल्लीकडचे आणि दोन अकलूजचे मोहिते-पाटील, अशा तीन जोड्यांनी मिळून हा उद्योग उभा केला आणि तस्कनीतली सांजोव्हेजी जातीची द्राक्षे माळशिरसच्या माळावर लावली.

या रस्त्यावर लिहिणाऱ्याला खरे तर हात आखडावा लागू नये. मुरूड-येडशीच्या वाटेवरून थोडे आत वळले की तेर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर म्हणून ज्या तगरची नोंद आहे, ते हेच. तगरचे कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई. आणि भडोचला उतरणाऱ्या मालात वाइन होती, तीतही इटलीची अधिक पसंत, असे तोच ग्रंथ सांगतो. इटलीची द्राक्षे पाहायला जाणाऱ्या लातूरकराच्या वाटेवर हे गाव आहे, आणि एकाही बेतात ते नाही! दौलताबादचा किल्ला आहे, कारण तो सगळीकडे असतो.

पुढे कुर्डुवाडी. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी इथून १८९७ साली बार्शीपर्यंत, १९११ साली लातूरपर्यंत आणि पुढे १९२७ साली मिरजेपर्यंत गेली. त्याच मार्गाने, रूळ रुंद झाल्यावर, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. ज्या सांगली जिल्ह्यातून ते पाणी आले तोही द्राक्षांचाच मुलूख. त्याच उन्हाळ्यात औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्यकारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश दिला होता. लातूरचा माणूस जेव्हा मळ्यात उभा राहून ठिबकच्या नळ्या पाहील तेव्हा त्याच्या मनात हे येणार नाही, असे होऊच शकत नाही. ते आले म्हणून त्याने पेला खाली ठेवावा असे मी म्हणत नाही. पण त्याच्या प्रवासवर्णनात ते नसेल तर ते प्रवासवर्णन दुसऱ्या कोणाचे तरी आहे.

उरला बेताचा नायक. 'आपली गाडी आपणच चालवत' हा या मजकुरातला सर्वांत मोहक शब्दप्रयोग, आणि गोष्ट पुढे सरकली की हाच नायक गायब होतो. सकाळी एका मळ्यात पाच नमुने, दुपारी जेवणाबरोबर दुसऱ्यात चार, संध्याकाळी सूर्यास्ताबरोबर तिसऱ्यात आणखी. आणि मधले अंतर कोणी कापले याचा उल्लेखच नाही. भावे प्रयोगाचा इतका बेजबाबदार वापर मी शासकीय परिपत्रकांतही पाहिलेला नाही: 'हॉटेलवर परतले जाते'. कोण परततो? शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम मद्य, ही कायद्याची मर्यादा. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंडाचे सोडा. टेंभुर्णी ते अकलूज हा उसाचा रस्ता आहे. गाळप सुरू झाले की अंधारात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर वजनाने डुलत चाललेले असतात. मागे लाल दिवा असतोच असे नाही, आणि कित्येकदा उसाच्या मोळ्यांवर माणसेही झोपलेली असतात. कंधार-मुखेडचीच. चाखून आलेला चालक आणि तोडून दमलेला कोयता यांची गाठ अशा रस्त्यावर पडावी, ही शक्यता ज्या बेतात धरलेली नाही, तो मी वाङ्मय म्हणून नापास करतो. गडकऱ्यांची खोली कितीही कोंदट वाटली तरी तिच्यात पिणाऱ्याच्या मागे कोण भरडले जाते याची नोंद होती.

हे सारे मी भाच्याला समासात लिहून पाठवले. त्याने बेत दुसऱ्यांदा लिहिला आहे. 'शरद' खोडून 'माघ' केला. पाने पिवळी-तांबडी करण्याचा मोह आवरला. 'टॅनिन'च्या जागी 'तुरट' आले. नाशिक पुढच्या साली ढकलून अकलूज धरले. शनिवारी पहाटे लातूर सोडायचे, तेर दोन तास, दुपारनंतर मळा, मुक्काम अकलूजलाच, रविवारी उजेडी परत. 'तोडणी बायका करतात की पुरुष, कुठल्या गावच्या, हे विचारायचे' अशी एक ओळ त्याने आपण होऊन घातली आहे. ती मला सर्वांत आवडली. माघात गाळप चालूच असते, म्हणून रात्री गाडी काढायची नाही असेही लिहिले आहे. चालकाच्या नावापुढची जागा मात्र अजून कोरी आहे. गाडीत चौघे जण आहेत, आणि चाखायची चौघांनाही आहे.